उडालेला भाग की उरलेला? अवकाशयानाची वस्तू विकत घेण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका लिलावात अपोलो मोहिमांच्या ल्युनर मॉड्यूलचा, म्हणजे चंद्रावर उतरणाऱ्या यानाचा, छोटा व्हॉल्व्ह विक्रीला आहे. वर्णनात ‘चंद्रावर जाऊन आलेला’ असं लिहिलंय, भागावर ते यान बनवणाऱ्या ग्रुमन कंपनीची पट्टी आहे आणि सोबत विक्रेत्याने स्वतः सही केलेलं प्रमाणपत्र आहे. घ्यावा का, आणि अशा वस्तूंचा अभ्यास सुरू करायचा तर कुठून?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो. त्या वर्णनाच्या भावाने घेऊ नका. ल्युनर मॉड्यूल परत आलंच नाही, एकही नाही. चंद्रावर उतरलेल्या यानांचा खालचा टप्पा तिथेच राहिला. वरचा टप्पा अंतराळवीरांना कमांड मॉड्यूलपर्यंत, म्हणजे पृथ्वीवर परत येणाऱ्या मुख्य यानापर्यंत, पोहोचवायचा आणि मग सोडून दिला जायचा. अपोलो १२, १४, १५ आणि १७ चे वरचे टप्पे मुद्दाम चंद्रावर आदळवले, ११ आणि १६ चे चंद्राभोवतीच्या कक्षेत राहिले, अपोलो १० चा सूर्याभोवती फिरायला गेला. अपोलो १३ चं ल्युनर मॉड्यूल तिघांचे प्राण वाचवून पृथ्वीच्या वातावरणात जळालं. नळीवर बसवलेला व्हॉल्व्ह काढून खिशात घालून आणायला कुणाला सवड नव्हती.

परत आलं ते अंतराळवीरांनी हाताने उचलून कमांड मॉड्यूलमध्ये नेलं तेवढंच. याचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे नील आर्मस्ट्राँग यांच्या घरच्या कपाटात सापडलेली पांढऱ्या कापडाची पिशवी. ते गेल्यानंतर त्यांच्या पत्नीला ती मिळाली आणि २०१५ मध्ये स्मिथसोनियनच्या नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियमने ती जाहीर केली. आत होता ईगलच्या, म्हणजे अपोलो ११ च्या ल्युनर मॉड्यूलच्या, खिडकीतून उतरण्याचं चित्रीकरण केलेला १६ मिलिमीटरचा कॅमेरा, शिवाय कमरेचा दोर, दिवे आणि असंच आणखी सामान. ओळख कशी पटली, तर एकेका वस्तूवरचा पार्ट नंबर त्या मोहिमेच्या सामानयादीशी ताडून, आणि संभाषणाची नोंद वाचून. परतीच्या वाटेवर आर्मस्ट्राँग सहकारी अंतराळवीर मायकेल कॉलिन्सना सांगतात की या पिशवीत ल्युनर मॉड्यूलमधलं सटरफटर सामान आहे, ते परत न्यायचंय. चार दशकांहून जास्त काळ ते वाक्य सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. ते कशाबद्दल आहे हे पिशवी सापडल्यावर कळलं.

तरीही तुमचा व्हॉल्व्ह खोटा असेलच असं नाही. ‘उडालेला’ नसला तरी तो अस्सल ‘उरलेला’ असू शकतो, आणि उरलेल्या वस्तूंचं जग फार मोठं आहे. प्रत्येक भागाचे सुटे नग बनायचे, काही नग कंपन, उष्णता आणि निर्वात चाचण्यांत वापरले जायचे, काही प्रशिक्षणाच्या सांगाड्यांवर लागायचे. वर १९७० मध्ये अपोलोच्या शेवटच्या मोहिमा रद्द झाल्या आणि त्यांच्यासाठी बनत असलेलं सामान तसंच पडून राहिलं. यातलं बरंचसं रीतसर भंगारात निघालं. ह्यूस्टनच्या अवकाश केंद्राचं असंच टनावारी सामान १९७० च्या दशकात एका खासगी माणसाने उचललं आणि त्यात एक अपोलो गायडन्स कॉम्प्युटर, म्हणजे यानाचं दिशादर्शन करणारा संगणक, निघाला. तो एलटीए-८ नावाच्या चाचणीच्या ल्युनर मॉड्यूलचा होता, अवकाशात कधीच गेला नव्हता. पण काही हौशी अभियंत्यांनी तो दुरुस्त करून चालू केला आणि २०१९ मध्ये, पहिल्या चांद्र-अवतरणाच्या पन्नासाव्या वर्षी, तो पुन्हा गणितं करत होता. माझ्या मते कुणीतरी मोहिमेवर खिशात नेलेल्या शंभर पदकांपेक्षा हा न उडालेला डबा जास्त मोलाचा आहे. लिलावातले आकडे माझ्याशी सहमत नसतात, तो भाग वेगळा.

म्हणून नव्या माणसाला मी सांगतो की ‘हे अवकाशात गेलं होतं का’ हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकावर ठेवा. आधी ‘ही वस्तू नेमकी काय आहे’, मग ‘ती कुठल्या साली कुणाच्या ताब्यात होती’. ही दोन उत्तरं नीट मिळाली तर तिसरं बहुधा आपोआप मिळतं, आणि पुष्कळदा ते ‘नाही’ असतं.

वस्तू काय आहे हे सांगतो तिचा पार्ट नंबर. अपोलोच्या काळात प्रत्येक कंत्राटदार कंपनीची आपली रीत होती. ग्रुमनने स्वतः आखलेल्या भागांचा नंबर ‘एलडीडब्ल्यू’ने सुरू होतो, बाहेरून बनवून घेतलेल्या भागांचा ‘एलएससी’ने. नॉर्थ अमेरिकनच्या दुसऱ्या पिढीच्या कमांड मॉड्यूलचे भाग ‘व्ही३६’ने सुरू होतात, त्यांनी बाहेरून घेतलेले ‘एमई’ने. स्पेस शटलच्या ऑर्बिटरचे भाग ‘व्ही०७०’. अंतराळवीरांनी सोबत नेलेल्या तपासणी-पुस्तिकांवर ‘एसकेबी’ने सुरू होणारे नंबर असतात. तेव्हा ‘कमांड मॉड्यूलचा भाग’ म्हणून विकायला ठेवलेल्या वस्तूवर ‘एलडीडब्ल्यू’ दिसलं तर विक्रेत्याला काय विकतोय ते ठाऊक नाही, किंवा चांगलंच ठाऊक आहे.

नंबराच्या शेवटचा आडव्या रेघेनंतरचा आकडा सोडू नका. रेघेच्या अलीकडचं सगळं तेच, पण शेवटचा आकडा बदलला की आराखड्याची आवृत्ती बदलते. सुरुवातीच्या चाचणीला लावलेली आवृत्ती आणि प्रत्यक्ष उड्डाणाला मंजूर झालेली आवृत्ती यांत इथेच फरक पडतो. जोडीला सीरियल नंबर असतो, म्हणजे त्या प्रकारातला हा कितवा नग. मग तपासनिसांचे बारीक गोल किंवा चौकोनी शिक्के. आणि कुठे ‘उड्डाणासाठी नाही’ असा शिक्का किंवा ‘क्लास ३’ अशी खूण दिसली तर तो प्रशिक्षणाचा नग, तिथे वाद संपला. पट्टीचे स्क्रू आणि चिकटपट्टीच्या कडाही भिंगाखाली पाहा. जुनी पट्टी नव्या भागावर चढवणं फारसं कठीण काम नाही.

एका नंबरात काय दम असतो ते पाहायचं असेल तर एफ-१ इंजिनांची गोष्ट बघा. सॅटर्न ५ रॉकेटच्या पहिल्या टप्प्याची इंजिनं अटलांटिकमध्ये पडायची. जेफ बेझोस यांच्या पथकाने २०१३ च्या मार्चमध्ये चार किलोमीटरहून खोल तळातून त्यांचे तुकडे वर काढले. चार दशकं खाऱ्या पाण्यात राहिल्याने सीरियल नंबर बहुतेक गेले होते, त्यामुळे कुठल्या मोहिमेचं इंजिन हे सांगता येईना. तुकडे कॅन्ससमधल्या हचिन्सनच्या कॉस्मोस्फिअर संग्रहालयात स्वच्छ करायला गेले. तिथे एका संवर्धकाला अतिनील दिव्याखाली, खास फिल्टर लावलेल्या भिंगातून, एका ज्वलनकक्षाच्या अंगावर काळ्या रंगातला पुसट आकडा दिसला: २०४४. हा रॉकेटडाइन कंपनीचा नंबर. नासाच्या नोंदीत त्याचा जोडीदार ६०४४, आणि ६०४४ म्हणजे अपोलो ११ चं पाचवं, मधलं इंजिन. यात शिकण्यासारखं दुहेरी आहे. एकाच वस्तूला कंपनीचा एक आणि नासाचा दुसरा असे दोन नंबर असू शकतात, त्यांची सांगड घालणारा कागद हाती नसेल तर आकडा मुका राहतो. आणि त्या माणसाने गंज खरवडून काढायच्या आधी दिवा धरला.

याच्या उलट, नंबरात गफलत झाली की काय होतं तेही सांगतो. अपोलो ११ मध्ये आर्मस्ट्राँग यांनी चंद्रावर पाय ठेवल्यावर घाईने उचललेला पहिला नमुना ज्या पिशवीत घालून आणला, ती पिशवी एका संग्रहालयाच्या माजी संचालकावरच्या फौजदारी खटल्यात जप्त झालेल्या मालात होती. यादी करताना तिचा नंबर अपोलो १७ च्या दुसऱ्या पिशवीशी गोंधळला आणि सरकारी लिलावात २०१५ मध्ये ती ९९५ डॉलरला गेली. घेणाऱ्या बाईंनी माग काढत तिची ओळख पटवली आणि खात्रीसाठी नासाकडे पाठवली. नासाला आत चांद्रधूळ सापडली आणि त्यांनी पिशवी ठेवून घेतली. प्रकरण न्यायालयात गेलं. सरकारच्याच लिलावात तिने प्रामाणिकपणे विकत घेतली आहे, म्हणून पिशवी तिची, असा निकाल २०१६ च्या डिसेंबरमध्ये लागला. पुढच्या जुलैत सदबीजच्या लिलावात ती १८ लाख डॉलरच्या वर विकली गेली.

या निकालावरून ‘चांद्रधूळ बाळगायला आता मोकळीक आहे’ असा अर्थ काढणारे लोक मला भेटतात. तसं मुळीच नाही. अपोलोने आणलेले ३८२ किलो दगड-माती ही अमेरिकी सरकारची मालमत्ता आहे आणि ती खासगी माणसाला दिली जात नाही. वेगवेगळ्या देशांना भेट म्हणून दिलेल्या खड्यांपैकी होंडुरासचा अपोलो १७ चा खडा १९९८ मध्ये पन्नास लाख डॉलरला विकायचा प्रयत्न झाला, तो सापळा लावून पकडला गेला. चंद्रावरून आणलेलं साहित्य खासगी बाजारात कायदेशीर विकलं गेल्याचं ठळक उदाहरण म्हणजे सोव्हिएत लुना १६ यानाने आणलेले तीन कण. ते सोव्हिएत अवकाश कार्यक्रमाचे मुख्य आराखडाकार सर्गेई कोरोल्योव यांच्या पत्नीला भेट मिळाले होते. १९९३ मध्ये ते ४ लाख ४२ हजार ५०० डॉलरला आणि २०१८ मध्ये ८ लाख ५५ हजारांना गेले. चंद्राचा तुकडा हवाच असेल तर चंद्रावरून उडून पृथ्वीवर पडलेल्या अशनीचा तुकडा घ्या. तो कायद्याने चालतो, फक्त प्रयोगशाळेने वर्गीकरण केलेल्या अशनीचाच असावा. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने एका माजी डच पंतप्रधानांच्या संग्रहातून आलेला ‘चांद्रखडा’ जपून ठेवला होता. २००९ मध्ये तपासला तर ते अश्मीभूत लाकूड निघालं. एवढ्या मोठ्या संग्रहालयाची ही गत, तर घरगुती प्रमाणपत्राचं काय घेऊन बसलात.

अंतराळवीरांनी स्वतःकडे ठेवलेल्या वस्तूंचा प्रश्न बरीच वर्षं लोंबकळत होता. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये जिम लोव्हेल यांची अपोलो १३ ची तपासणी-पुस्तिका ३ लाख ८८ हजार डॉलरच्या वर विकली गेली आणि नासाने विचारलं, ही यांच्या मालकीची होती का? त्याच वर्षी एडगर मिचेल यांच्याकडच्या अपोलो १४ च्या कॅमेऱ्यावरून सरकारने दावा लावला होता. तो कॅमेरा शेवटी संग्रहालयात गेला. मग सप्टेंबर २०१२ मध्ये कायदा झाला: मर्क्युरी, जेमिनी, अपोलोपासून १९७५ च्या अपोलो-सोयुझपर्यंतच्या अंतराळवीरांनी मोहिमेतून ठेवून घेतलेल्या वस्तूंची पूर्ण मालकी त्यांची. चंद्राचे दगड यातून वगळले. शटलचे अंतराळवीर यात नाहीत, हे लक्षात ठेवा. अपघातात नष्ट झालेल्या चॅलेंजर आणि कोलंबिया या शटलचे अवशेष तर हातही लावू नये असे. ते सरकारी मालमत्ता आहेत, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ज्यात माणसं गेली त्याचा तुकडा शोकेसमध्ये मांडणाऱ्याशी मला व्यवहार करायचा नसतो. आकाशातून पडलेली वस्तू सापडेल त्याची, हाही गैरसमज आहे. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराप्रमाणे वस्तू पृथ्वीवर परत पडली तरी मालकी ती अवकाशात पाठवणाऱ्याचीच राहते.

आता अभ्यास कुठे करायचा. पहिलं साधन म्हणजे प्रत्येक अपोलो मोहिमेची सामानयादी. कुठली वस्तू, कुठल्या पार्ट नंबरची, किती नग, कुठल्या कप्प्यात, जाताना कुठे आणि येताना कुठे, सगळं त्यात असतं. तुमच्या वस्तूचा नंबर यादीत नसेल तर ती बहुधा सुटं सामान म्हणून गेलेली नाही. मात्र यानात पक्के बसवलेले भाग या यादीत येत नाहीत, त्यांच्यासाठी कंपन्यांचे आराखडे आणि जोडणीच्या नोंदी शोधाव्या लागतात. दुसरं साधन संभाषणाच्या नोंदी. अपोलो ल्युनर सरफेस जर्नल आणि अपोलो फ्लाइट जर्नल यांत त्या टिपांसकट वाचायला मिळतात. लोव्हेल यांच्या पुस्तिकेचा दाखला पुन्हा देतो. तिच्या पानांवर त्यांनी हाताने केलेली कोनांची बेरीज-वजाबाकी आहे, आणि संभाषणात ते ह्यूस्टनला माझं गणित तपासा म्हणून तेच आकडे वाचून दाखवतात. कागद आणि आवाज असे जुळले की प्रमाणपत्राची गरज उरत नाही. तिसरं म्हणजे छायाचित्रं. अपोलोची हॅसलब्लाड कॅमेऱ्यांनी काढलेली छायाचित्रं मोठ्या आकारात खुली आहेत. त्यांत कापडाचा एखादा डाग किंवा वेल्क्रोच्या तुकड्याची तिरकी कड ओळखता येते. कागदपत्रांसाठी अमेरिकी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या फोर्ट वर्थ शाखेत ह्यूस्टन केंद्राचे दप्तर आहे आणि हंट्सव्हिलच्या अलाबामा विद्यापीठात सॅटर्नचा संग्रह. तिथल्या अभिलेखपालांना मोघम प्रश्न विचारला तर मोघम उत्तर येतं. पार्ट नंबर, सीरियल नंबर आणि अंदाजे साल देऊन विचारा.

सोव्हिएत वस्तूंची तऱ्हा वेगळी. तिथे बऱ्याच उपकरणांसोबत छापील ‘पासपोर्ट’ पुस्तिका असते, तीत नंबर, तारखा आणि तपासणी विभागाचे शिक्के असतात. उपकरणावरचा नंबर पुस्तिकेशी जुळतो का एवढं पाहिलं तरी निम्मा घोळ निस्तरतो. सोयुझचं अवतरण-यान जमिनीवर परत येत असल्याने उडालेले भाग तिथे खरोखरच उपलब्ध आहेत, पण कुठल्या सोयुझचा हे कागदाविना ठरत नाही.

सह्या आणि टपालाची स्मृती-पाकिटं हा वेगळाच अड्डा आहे, त्यावर थोडक्यात सांगतो. मागणी इतकी असायची की अंतराळवीरांच्या कार्यालयात सहीचं यंत्र वापरलं जायचं. दोन सह्या एकमेकींवर ठेवल्या आणि रेघ न रेघ जुळली तर ती यंत्राची, कारण माणूस एकच सही दोनदा हुबेहूब करत नाही. आर्मस्ट्राँग यांनी १९९४ मध्ये सह्या देणं थांबवलं, त्यामुळे त्यानंतरच्या प्रसंगाच्या छायाचित्रावर त्यांची सही दिसली तर सावध व्हा. अपोलो ११ ची ‘विमा पाकिटं’ उडालेली म्हणून सर्रास खपवतात. अंतराळवीर परत आले नाहीत तर कुटुंबाला विकता यावीत म्हणून ती उड्डाणाआधी सही करून मागे ठेवली होती, मुद्दाच तो. अपोलो १५ ची ३९८ विनापरवाना पाकिटं मात्र खरोखर चंद्रावर जाऊन आली. त्यापायी तिघा अंतराळवीरांची पुढची उड्डाणं गेली, आणि सरकारने जप्त केलेली पाकिटं १९८३ मध्ये त्यांना परत मिळाली.

प्रमाणपत्राबद्दल: विक्रेत्याने स्वतःच दिलेलं प्रमाणपत्र म्हणजे त्याचं मत. अंतराळवीराचं पत्र असेल तर त्यात वस्तूचं वर्णन कितपत नेमकं आहे ते पाहा. ‘हा ध्वज माझ्यासोबत होता’ असं लिहिलेलं पत्र उद्या दुसऱ्याही ध्वजाला जोडता येतं. वस्तूवरच हस्ताक्षरात लिहिलेलं असेल किंवा पत्रात सीरियल नंबर असेल, तर ती जोडी फोडता येत नाही.

सुरुवात स्वस्तात करायची तर नासाच्या कर्मचाऱ्यांना वाटलेली पदकं पाहा. अपोलो ११ च्या पदकात त्या मोहिमेचं कमांड मॉड्यूल कोलंबिया आणि ल्युनर मॉड्यूल ईगल (त्यातलं परत आणलेलं तेवढंच) या दोन्ही यानांचा धातू वितळवून मिसळला होता. ती पुष्कळ निघाली, त्यामुळे खोटी बनवण्यात कुणाला फारसा रस नाही. पण हात बसवायला माझी पसंती शटलच्या काळ्या उष्णतारोधक टाइलला. नासाने त्या एकेकाळी शाळांना फक्त पाठवणीच्या खर्चात, २३ डॉलर ४० सेंटला, दिल्या होत्या. टाइल हातात घेतली की आधी वजनच लागत नाही, आत जवळपास नुसती सिलिकाची जाळी आणि हवा. वरचं काळं काचेचं लेपन बाजूंवरून खाली येतं आणि तळाच्या थोडं वर थांबतं. हवेचा दाब सुटावा म्हणून ती कड मुद्दाम उघडी ठेवलेली असते, तुटलेली नाही. आता काळ्या पृष्ठावर टाचणीच्या टोकाएवढं भोक शोधा. प्रत्येक उड्डाणानंतर टाइल पाणी शोषू नये म्हणून त्यातून औषध टोचलं जायचं. शेवटी तळ पाहा: उडालेली टाइल यानावरून उकरून काढलेली असते, त्यामुळे तिथे लाल चिकटद्रव्य आणि नमद्याचे धागे राहतात किंवा सिलिका ओबडधोबड फाटलेली असते. तळ गुळगुळीत आणि भोक नाही, तर ती बहुधा कोठारातली टाइल. घ्यायला हरकत नाही, पण त्या भावात.

घरी आणल्यावर काही पुसू नका. अपोलोच्या पोशाखांतलं रबर कडक होऊन तडकतं, पीव्हीसीच्या नळ्यांतून चिकट द्रव पाझरतो आणि शेजारचं कापड डागाळतं. असल्या वस्तू थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी आणि एकमेकींपासून दूर ठेवा. नियंत्रणांच्या टोकांवरचे चमकणारे ठिपके प्रोमेथियमचे असतात. त्याचं अर्धायुष्य अडीच वर्षांच्या आसपास असल्याने ते कधीच विझले, घाबरू नका. व्हॉल्व्हच्या बाबतीत मात्र जपा. ल्युनर मॉड्यूलच्या इंजिनात हायड्राझिनवर्गीय इंधन आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड वापरायचे, दोन्ही जहाल विषारी. चाचणीत वापरलेला भाग रीतसर साफ केल्याचा कागद नसेल तर तो उघडू नका, फुंकूनही पाहू नका. स्फोटक काडतुसं असलेला बोल्ट किंवा कापणी यंत्र असेल तर आधी तज्ज्ञाकडून ते रिकामं असल्याची खातरजमा करून घ्या.

आणि बोली लावण्याआधी लिलावगृहाला एक प्रश्न लेखी विचारा: हा भाग देशाबाहेर पाठवायला निर्यात परवाना लागतो का? रॉकेट इंजिनाचे आणि दिशादर्शनाचे भाग अमेरिकेत आजही शस्त्र-निर्यातीच्या नियमांत येऊ शकतात, मग ते कितीही जुने असोत. पैसे भरल्यावर हे कळलं तर वस्तू तुमच्या मालकीची होते आणि गोदाम त्यांचं, भाडं दर महिन्याला.